ग्लासगोचा धागा, औंढ्याचा आरसा

गेल्या उन्हाळ्यात सात आठवडे मी ग्लासगोला भाच्याकडे राहिले. त्याच्या घरापासून विद्यापीठ चालत पंधरा मिनिटांवर होते आणि सकाळी तो कामाला गेला की मी छत्री घेऊन त्या दिशेने निघत असे. औंढ्याहून माझ्या धाकट्या जावेचा एक दिवसाआड फोन यायचा. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारले, “ताई, रोज रोज त्या विद्यापीठातच काय बघायलात तुम्ही? दुसरं काही नाही का तिथं?” मी तिला म्हटले, “आपल्याकडं जो आरसा टांगणार आहेत ना, त्याचा धागा ओढायला ही माणसं इथं शिकली. ते समजून घ्यायलेय.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आरसा, अन् धाग्याला? मग लई जपून टांगावा लागंल.”

त्या आरशाची गोष्ट हिंगोली जिल्ह्यात आता लहान पोरांनाही ऐकून ठाऊक आहे. औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांची, वेधशाळा उभी राहणार आहे. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांशी टांगलेले आरसे आणि त्या आरशांवरून येरझारा घालणारा लेझरचा झोत, असे तिचे स्वरूप आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याचे ‘आयुका’ हे खगोलविज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे मुंबईतील बांधकाम संचालनालय या चार संस्था हे काम पाहतात. मी याच जिल्ह्यात बत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. ज्या विषयाची समीकरणे मी फळ्यावर लिहिली, त्याचे जगातले सर्वांत नाजूक उपकरण माझ्या सासरच्या गावाशेजारी येणार आहे, हे कळले तेव्हापासून त्या उपकरणाचा एकेक भाग कुठून आला, कुणी घडवला, हे शोधण्याचा मला छंद जडला. आरशांच्या टांगणीचा माग काढत गेले, तर वाट थेट ग्लासगोला पोचत होती.

ग्लासगो विद्यापीठाची स्थापना १४५१ सालची, पोपच्या आज्ञापत्राने झालेली. पहिली चार शतके ते जुन्या शहरात होते आणि १८७० मध्ये पश्चिमेकडील गिलमोरहिल टेकडीवर आले. टेकडीवरची मुख्य इमारत मी पहिल्यांदा खालच्या बागेतून पाहिली तेव्हा पाय जागीच थांबले, कारण ती मला ओळखीची वाटली. पुढे भाच्याने सांगितले आणि उलगडा झाला. तिचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आहे, आणि मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील दीक्षान्त सभागृहाचा आणि राजाबाई मनोऱ्याचा आराखडाही त्यांचाच. स्कॉट मुंबईला कधीच आले नाहीत. नकाशे लंडनहून गेले. दोन्ही मनोरे सुमारे २८० फूट उंच आहेत. एम.एस्सी.चे प्रमाणपत्र आणायला मी वडिलांबरोबर मुंबईला गेले होते, तेव्हा त्यांनी मान वर करून राजाबाई मनोऱ्याकडे जसे पाहिले होते, तशीच मी त्या दिवशी मान वर केली.

टेकडीच्या पायथ्याशी केल्विन नदी वाहते. नदी म्हणायची म्हणून. आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. तापमानाचे जे एकक मी हजारो मुलांकडून घोकून घेतले, त्याचे नाव या ओढ्यावरून आले आहे. विल्यम थॉमसन १८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी येथे प्राध्यापक झाले, ५३ वर्षे त्याच पदावर राहिले, आणि १८९२ मध्ये उमरावपद मिळाले तेव्हा त्यांनी या नदीचे नाव घेतले. थॉमसन यांचे निरपेक्ष तापमान सर्वांना ठाऊक असते. माझे मन मात्र त्यांच्या आरशाच्या गॅल्व्हॅनोमीटरवर रेंगाळले. अटलांटिक समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारेतून पलीकडे पोचणारा विद्युत्प्रवाह इतका क्षीण असे की तो ओळखायचा कसा, हाच प्रश्न होता. थॉमसन यांनी १८५८ च्या सुमारास नखाएवढा आरसा, मागे चिमुकली चुंबके चिकटवून, रेशमाच्या तंतूला टांगला. प्रवाह आला की आरसा किंचित वळे, त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका दूरच्या पट्टीवर सरके, आणि डोळ्यांना न दिसणारी हालचाल वाचता येई. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही अंधाऱ्या कोपऱ्यात तसा दिवा आणि तशी पट्टी होती. ठिपका स्थिर व्हावा म्हणून मुले श्वास रोखून उभी राहायची, कुणी बाक सरकवला की तो थरथरायचा आणि सगळ्यांना पुन्हा थांबावे लागायचे. तंतूला टांगलेला आरसा, त्यावर प्रकाश, आणि दूरवरून आलेला अतिशय मंद निरोप: पुढे दीड शतकाने ग्लासगोने जे केले त्याची आकृती या उपकरणात दिसते. एकातून दुसरे जन्मले, असा दावा मी करत नाही. पण एखाद्या जागेला हाताची सवय असते, असे मला शिक्षकी पेशात नेहमी वाटत आले आहे. जेम्स वॉट याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करत होते, आणि वर्गात दाखवायच्या न्यूकमेन इंजिनाच्या ज्या नमुन्याने त्यांना वाफेच्या यंत्राचा विचार करायला लावला, तो येथील हंटेरियन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिले.

या कथेतील मुख्य माणूस रोनाल्ड ड्रेव्हर. १९३१ मध्ये ग्लासगोजवळच्या बिशप्टन गावी जन्मलेले, इथेच शिकलेले, इथेच शिकवू लागलेले. वस्तूचे जडत्व सर्व दिशांना सारखेच असते का, हा मूलभूत प्रश्न त्यांनी १९६० च्या सुमारास बिशप्टनच्या घरामागील बागेत तपासला. मोटारीच्या बॅटऱ्या, हाताने केलेली जुळणी आणि पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र एवढीच सामग्री. पृथ्वी फिरत राहिली, त्यांचे नमुन्याचे भांडे तिच्यासोबत दिशा बदलत राहिले, आणि ते दिवसरात्र नोंदी घेत राहिले. अमेरिकेतील येल विद्यापीठात व्हर्नन ह्यूज यांनी भक्कम साधनांनी हाच शोध घेतला होता, म्हणून आज त्या प्रयोगाला दोघांचीही नावे आहेत. साधनांची वाण असलेल्या प्रयोगशाळेत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना या बागेचे मोल वेगळे सांगायला नको.

१९७० च्या दशकात ड्रेव्हर आणि त्यांचे तरुण सहकारी जिम हफ गुरुत्वीय लहरींच्या मागे लागले. आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तानुसार प्रचंड वस्तुमाने वेगाने फिरली किंवा आदळली की अवकाशच ताणले-आकसले जाते आणि तो ताण प्रकाशाच्या वेगाने पसरतो. प्रथम त्यांनी ॲल्युमिनियमच्या जड दंडगोलांनी प्रयत्न केला, मग लेझरकडे वळले, आणि पुढे १० मीटर भुजांचा नमुना-शोधक विद्यापीठातच उभा केला. त्या धडपडीत ड्रेव्हर, हफ आणि कोलोरॅडोचे जॉन हॉल यांनी लेझरची कंप्रता कमालीची स्थिर ठेवण्याची एक रीत शोधली. ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे. ड्रेव्हर पुढे कॅलिफोर्नियाला गेले, रायनर वाइस आणि किप थॉर्न यांच्याबरोबर ‘लायगो’ या अमेरिकी वेधशाळेचे एक जनक ठरले, आणि १९९० च्या दशकात त्याच प्रकल्पापासून दुरावले गेले. लहर सापडली तेव्हा ते स्कॉटलंडला परतले होते आणि स्मृतिभ्रंशाने आजारी होते. ७ मार्च २०१७ रोजी ते गेले. ऑक्टोबरमध्ये नोबेल जाहीर झाले ते वाइस, थॉर्न आणि बॅरी बॅरिश यांना. हा पुरस्कार मरणोत्तर देत नाहीत. सात महिन्यांचे हे अंतर मला अजून टोचते. त्या बागेतल्या बॅटऱ्यांचा विचार मनात आला की अधिकच.

मात्र ग्लासगोचे काम ड्रेव्हर गेल्यावर थांबले नव्हते, आणि येथून धाग्याची गोष्ट सुरू होते. जिम हफ मागे राहिले. त्यांनी आणि त्यांच्यानंतर शीला रोवन यांनी जो गट वाढवला, त्याने सर्वांत कमी झगमगीत प्रश्न हाती घेतला: आरसा शांत कसा ठेवायचा? गुरुत्वीय लहर ४ किलोमीटरच्या भुजेची लांबी जेवढी बदलते, तो बदल प्रोटॉनच्या व्यासाच्याही काहीशेव्या हिश्शाएवढा असतो. एवढे मोजायचे तर आरशाला पृथ्वीचा कोणताही धक्का पोचता कामा नये, म्हणून तो एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत तळाशी टांगतात. पण बाहेरचा धक्का अडवला तरी एक शत्रू उरतोच. प्रत्येक पदार्थाचे रेणू उष्णतेने सतत कंप पावत असतात. टांगणीच्या तारेचे रेणूही थरथरतात आणि ती थरथर आरशाला हलवते. पहिल्या पिढीच्या ‘लायगो’त आरसे पोलादी तारेला टांगलेले होते आणि ती तार हीच एक मर्यादा ठरत होती.

उपाय ऐकायला विलक्षण आहे. ज्या काचेचा आरसा, त्याच काचेच्या धाग्याला तो टांगायचा. शुद्ध सिलिकाच्या काचेत आतले घर्षण अत्यल्प असते. आपल्या देवळातली चांगली काशाची घंटा आणि तडा गेलेली घंटा यांतला फरक आठवला तर मुद्दा कळेल. तडकलेली घंटा बद्द वाजते आणि तिचा आवाज वेडावाकडा पसरून लगेच विरतो. चांगली घंटा आपल्याच सुरात दीर्घकाळ गुंजते. सिलिकाचा धागा चांगल्या घंटेसारखा आहे. त्याची उष्णतेची थरथर त्याच्या स्वतःच्या मोजक्या सुरांत गोळा होते आणि बाकीचे सूर मोकळे राहतात. लहर ऐकायची ती त्या मोकळ्या जागेत. निर्वातात टांगलेल्या अशा धाग्याचा सूर एकदा छेडला गेला, तर तो विरायला दिवसच्या दिवस लागतात.

ग्लासगोच्या प्रयोगशाळेत त्यांनी हा धागा ओढण्याचे यंत्र घडवले. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची सिलिकाची कांडी घ्यायची, कार्बन डायऑक्साइड लेझरचा झोत फिरत्या आरशांनी तिच्याभोवती सर्व बाजूंनी सारखा पाडायचा, आणि ती वितळू लागली की ठरलेल्या गतीने दोन्ही टोके दूर न्यायची. हाती येतो तो ६० सेंटिमीटर लांब आणि ०.४ मिलिमीटर जाडीचा तंतू. अशा चार तंतूंवर ४० किलो वजनाचा आरसा लोंबतो, म्हणजे प्रत्येकावर १० किलोचा भार. १८८७ च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स बॉइज यांनी सिलिकाचा तंतू ओढण्यासाठी वितळता थेंब बाणाला चिकटवून धनुष्याने बाण सोडला होता. मी ही गोष्ट वर्गात दर वर्षी सांगत असे आणि मागच्या बाकांवरचीही मुले पुढे सरकून बसत. ग्लासगोकरांनी त्या बाणाच्या जागी मोजलेली चाल आणली. धागा आरशाला डकवायचीही त्यांची रीत वेगळी. आरशाच्या बाजूला काचेचे छोटे ‘कान’ बसवायचे, तेही डिंकाने नव्हे. दोन घासून सपाट केलेल्या पृष्ठांमध्ये अल्कलीच्या द्रावणाचा थेंब सोडला की काच काचेत रासायनिक रीतीने मिसळते आणि सांधा जवळजवळ उरतच नाही. ही युक्ती मूळची स्टॅनफर्डमधील. ग्लासगोने ती आरशांच्या टांगणीत आणली. मग त्या कानांना धागा लेझरनेच जोडायचा. काचेच्या धाग्याची ही टांगणी आधी जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या ‘जिओ-६००’ या ब्रिटिश-जर्मन शोधकात वर्षानुवर्षे तपासून पाहिली गेली.

या सगळ्यात एक नियम असा आहे की धाग्याला बोट लावायचे नाही. नवा ओढलेला सिलिकाचा तंतू पोलादाशी स्पर्धा करील इतका बळकट असतो, पण त्वचेचा किंवा कशाचाही स्पर्श झाला की पृष्ठभागावर अदृश्य ओरखडे उठतात आणि त्याचे बळ जाते. त्यामुळे तो फार दूर नेतही नाहीत. ओढायची यंत्रे अमेरिकेत वेधशाळांच्या ठिकाणी नेली आणि धागे तिथे ओढले. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एका मराठी मुलाने मला हे भौतिकशास्त्राच्या केल्विन इमारतीबाहेर उभ्या उभ्या सांगितले, तेव्हा मी त्याला दोनदा विचारले की मग औंढ्याचेही धागे औंढ्यालाच ओढावे लागतील का. तो म्हणाला, “हो मावशी, जवळच कुठेतरी. दुसरा मार्ग नाही.”

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, नव्या टांगणीचे यंत्र सुरू होऊन फार दिवस झाले नसताना, अमेरिकेत लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्ड येथील आरसे हलले. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती आणि सुमारे तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने उधळले गेले होते. ११ फेब्रुवारी २०१६ ला जगाला ते कळले. त्या निरोपातून कृष्णविवरांची सही वेगळी काढण्याची जी गणिती रीत आहे, तिच्या पायाभरणीत ‘आयुका’चे संजीव धुरंधर यांचे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनचे काम आहे, याचा मला अभिमान वाटतो. पुण्यात गोंगाटातून सूर ओळखण्याचे गणित होत होते त्याच वर्षांत ग्लासगोत गोंगाटच कमी करण्याची काच वितळत होती.

त्यानंतरच्या दहा वर्षांत अशा सुमारे तीनशे घटना नोंदल्या गेल्या. १४ जानेवारी २०२५ ला आलेली लहर पहिल्या लहरीची जुळी बहीण शोभावी अशी होती, सूर्याच्या सुमारे ३३ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे. पण दहा वर्षांत यंत्र इतके शांत झाले होते की ती कितीतरी स्वच्छ ऐकू आली. दोन कृष्णविवरे मिळून जे एक होते, त्याच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असू शकत नाही, हा स्टीफन हॉकिंग यांचा १९७१ चा सिद्धान्त त्या लहरीवर पारखून पाहता आला आणि तो टिकला. मला यात सर्वांत भावते ते हे की आकाशातली घटना जवळजवळ तीच होती. बदलले होते ते आपले ऐकणे.

ग्लासगोत या विद्येला दुसऱ्या फांद्याही फुटल्या. अवकाशातील ‘लिसा’ या नियोजित शोधकाची पूर्वतयारी म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये जे यान गेले, त्याच्या हृदयातला प्रकाशीय पाट, म्हणजे लेझरच्या वाटेतले आरसे बसवलेला काचेचा तळ, ग्लासगोत, त्याच काच-काच सांध्याने जोडला गेला होता. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये ‘लिसा’ला अंतिम मान्यता दिली, तिची तीन याने एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर राहतील, आणि त्यांच्या प्रकाशीय पाटांचे कामही ग्लासगोकडेच आहे. दुसरी फांदी अगदी लहान आहे आणि तिचे नावच ‘वी-जी’. स्कॉटिश बोलीत ‘वी’ म्हणजे चिमुकले, ‘जी’ म्हणजे गुरुत्व, आणि दोन्ही मिळून जो शब्द होतो तो ग्लासगोकरांचे लाडके टोपणनाव आहे. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या या गुरुत्वमापीने, चंद्र-सूर्याच्या ओढीने घट्ट जमीनसुद्धा दिवसातून दोनदा वर-खाली होते ती भरती-ओहोटी नोंदली. ते संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे हे उपकरण इटलीतील एटना ज्वालामुखीवर, आतल्या लाव्ह्याची हालचाल टिपण्यासाठी नेले गेले.

तिसऱ्या फांदीपाशी मात्र थांबायला हवे. आरशांची सूक्ष्म कंपने मोजणाऱ्यांपैकी स्टुअर्ट रीड आणि ग्लासगोचे पेशीतज्ज्ञ मॅट डाल्बी यांनी एकत्र येऊन एक प्रश्न विचारला: माणसाच्या मूळ पेशींना मोजून-मापून हलवले तर काय होईल? सेकंदाला १,००० वेळा, प्रत्येक वेळी केवळ ३० नॅनोमीटर, अशी कंपने दिली तेव्हा त्या पेशी हाडाच्या पेशी होऊ लागल्या, आणि २०१७ मध्ये त्यांनी हे मऊ जेलमध्ये, त्रिमितीत करून दाखवले. कंपने नेमकी तेवढीच आहेत याची खात्री लेझरच्या त्याच विद्येने केली गेली. या कामाला पैसा मिळाला तो बॉबी चार्ल्टन या थोर फुटबॉलपटूने भूसुरुंगांच्या बळींसाठी काढलेल्या न्यासाकडून. माझे सख्खे काका सैन्यात होते आणि सीमेवर सुरुंगाने त्यांचा पाय गेला. घरी परतल्यावर ते ओसरीवर बसून पोरांना गणित शिकवत. मला पहिल्यांदा बीजगणित त्यांनी शिकवले. कृष्णविवरे ऐकायला निघालेल्या माणसांनी वाटेत अशा पायांसाठी हाड घडवायला घ्यावे, हे मला त्या टेकडीवरचे सर्वांत मोठे काम वाटते.

विद्यापीठाच्या नव्या इमारती जुन्या वेस्टर्न इन्फर्मरी या रुग्णालयाच्या जागेवर वाढल्या आहेत. त्यांतील संशोधन केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. त्याला किरण मजुमदार-शॉ आणि त्यांचे पती, येथील माजी विद्यार्थी जॉन शॉ यांचे नाव आहे. दोघांनी २०१९ मध्ये ७५ लाख डॉलर दिले होते. पण मी रोज जिच्या पायऱ्यांवर टेकत असे ती इमारत युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरची, २०२१ मध्ये उघडलेली अभ्यासिका आहे. सुमारे ९ कोटी पौंड खर्चून बांधलेल्या या इमारतीत अडीच हजार मुले एका वेळी बसून शिकू शकतात, आणि तिला नाव आहे जेम्स मॅक्यून स्मिथ यांचे. १८१३ मध्ये न्यूयॉर्कला ते गुलाम म्हणून जन्मले. अमेरिकेतील महाविद्यालयांनी वर्णामुळे प्रवेश नाकारला, म्हणून ते समुद्र ओलांडून ग्लासगोला आले आणि १८३७ मध्ये येथून वैद्यकाची पदवी घेऊन गेले. वैद्यकाची पदवी मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी. परत जाऊन त्यांनी दवाखाना चालवला आणि गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी लेखणी झिजवली. त्या लढ्याचे नाते आपल्याशी आहे, कारण गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ग्रंथ अर्पण केला होता.

हे नाव दारावर कोरून विद्यापीठाला सुखाने बसता आले असते. गुलामगिरीविरुद्ध संसदेकडे अर्ज केल्याचा आणि त्या प्रथेविरुद्ध लढणारे विल्बरफोर्स यांना सन्माननीय पदवी दिल्याचा इतिहासही त्याच्याजवळ होता. तरी त्याने आपल्याच जुन्या चोपड्या उघडल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले की कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमातून श्रीमंत झालेल्यांच्या देणग्या विद्यापीठाने स्वीकारल्या होत्या आणि त्यांची आजची किंमत, हिशेबाच्या पद्धतीनुसार, १ कोटी ६७ लाखांपासून १९ कोटी ८० लाख पौंडांपर्यंत होते. २०१९ मध्ये वेस्ट इंडिज विद्यापीठाशी करार झाला आणि वीस वर्षांत २ कोटी पौंड उभे करून एकत्र संशोधन करायचे ठरले. ही रक्कम पुरेशी आहे का, यावर मतभेद आहेत आणि मला स्वतःला ती कमी वाटते. पण ब्रिटनमधील दुसऱ्या कोणत्याही विद्यापीठाने तोवर एवढेही केले नव्हते, हेही तितकेच खरे. आपल्या शिक्षणसंस्थांच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या असतात. त्या पैशामागे कुणाचे श्रम होते, हे विचारणारा अहवाल मी आजवर वाचलेला नाही, आणि अशा एका पाटीखाली मी बत्तीस वर्षे हजेरी घेतली आहे.

परत आले तेव्हा औंढ्याला श्रावणाची गर्दी होती. नागनाथाच्या देवळात मागच्या बाजूला गेले की मला नेहमी नामदेवांची आठवण येते. कीर्तन दारासमोर करू दिले नाही म्हणून ते मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आहे. विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून त्यांना ज्ञान दिले तेही इथेच. जाऊ मात्र वेगळ्या काळजीत होती. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्याने साडेचार तीव्रतेचे धक्के अनुभवले आहेत. मांडणीवरची भांडी वाजली तेव्हा घरातली सगळी अंगणात धावली होती. ज्यांनी १९९३ ची किल्लारी पाहिली, त्यांना तो आवाज ओळखता येतो. तिने विचारले, “ताई, इथं जमीनच हलती, मग त्यांचा आरसा कसा राहील?” मी तिला चार लंबकांची साखळी दोरीला लोटके बांधून दाखवली. वरचे टोक जोरात हलवले तरी तळचे लोटके जवळजवळ जागेवर राहते, हे पाहून तिने स्वतः दोनदा हलवून पाहिले. मोठा धक्का आला तर वेधशाळेचे काम काही काळ थांबेल, अमेरिकेतही तसे होते, हेही मी सांगितले. मात्र जागेचा हा प्रश्न तिने विचारावा तसा शास्त्रज्ञांनाही गावाने उघड विचारावा आणि त्यांनी त्याचे उत्तर मराठीत द्यावे, असे मला मनापासून वाटते.

जावेची नात बारावीला विज्ञान शाखेत आहे. मी तिला घेऊन आमच्या जुन्या महाविद्यालयात गेले. रसायनशास्त्राच्या सरांनी बर्नर लावून दिला आणि साध्या काचेची एक कांडी दिली. सिलिका या ज्योतीला दाद देणार नाही हे तिला सांगितले. ही साधी काच मऊ होते. कांडी तिने दोन्ही हातांनी फिरवत धरली, मधला भाग केशरी होऊन ढळू लागला, तशी मी म्हटले, “आता बाहेर काढ, आणि ओढ. घाई नको.” तिने हात लांबवले. केसासारखा तंतू दोन हातभर ताणला गेला आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात चमकला. पहिला मध्येच तुटला. दुसरा टिकला. तिने तो स्टँडला अडकवला, खाली पन्नास ग्रॅमचे वजन लावले, आणि मग न राहवून तंतूवरून अलगद बोट फिरवले. काही झाले नाही. तिने शंभर ग्रॅम लावले, आणि बोट फिरले होते तिथेच तो तुटला.

ती म्हणाली, “आजी, आणखी एक ओढू?” मी बर्नर पुन्हा मोठा केला.